छातीचा विकार आणि पोटातील कळ

मराठी श्रोत्यांना लखनौ ठाऊक असते ते पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे. येथल्या हिवाळ्याशी त्यांचा परिचय बेताचाच. डिसेंबर-जानेवारीत गोमतीकाठी धुके आणि धूर एकजीव होतात, आणि ज्यांची फुप्फुसे विडीने किंवा चुलीच्या धुराने आधीच जर्जर झाली आहेत, अशांना साधा इन्फ्लुएंझाही न्यूमोनियापर्यंत नेतो. अशा रुग्णाच्या छातीकडे सर्वांचे लक्ष असते. पोटाकडे सहसा कोणी पाहत नाही.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आडवी पहुडलेली असते. इन्सुलिन तिचेच, आणि अन्न पचविणारा तीव्र रसही तिचाच. हा रस इतका प्रखर की निसर्गाने तो निद्रिस्त रूपात ठेविला आहे. त्याने जागे व्हावयाचे ते आतड्यात पोचल्यावर. तो ग्रंथीतच जागा झाला, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हाच स्वादुपिंडदाह. पित्ताशयातील खडे आणि मद्य ही त्याची नेहमीची कारणे. गालफुगीच्या विषाणूनेही तो होतो, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा हा प्रश्न पुन्हा चर्चेस आला. तरीही प्रत्येक वेळी दोष विषाणूचाच असतो असे नाही. रक्तातील प्राणवायू घटला, रक्तदाब खालावला, की ग्रंथीची उपासमार होते; काही औषधेही तिला बाधतात.

खरी अडचण ओळखण्याची आहे. फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला तर वरच्या पोटात दुखते. उलट स्वादुपिंड सुजले तर डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठून धाप लागते. म्हणजे चोर एका घरात आणि आरडाओरडा दुसऱ्या घरात! रक्तातील लायपेज हे द्रव्य तपासतात, पण मूत्रपिंडे थकली तरी ते वाढते. म्हणून विशिष्ट प्रकारची वेदना, लायपेज किंवा अमायलेजची तिपटीहून अधिक वाढ आणि स्कॅनमधील खुणा, या तिहींपैकी दोन गोष्टी जुळल्यावरच निदान करतात. घशात नळी घातलेल्या रुग्णाला वेदना सांगताच येत नाही, हे येथे विसरता येत नाही. ज्याला बोलता येते त्याने पाठीकडे जाणारी कळ आणि ओकाऱ्या ‘खोकून खोकून पोट दुखले’ म्हणून लपवू नयेत.

उपचारातही पेच आहे. या दाहात शिरेतून भरपूर द्रव देण्याची रीत होती. आजारी फुप्फुसाला तोच द्रव बुडवितो. भारत, इटली, मेक्सिको व स्पेन येथील २४९ रुग्णांवरील एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांचा दाह आरंभी तीव्र नव्हता. सढळ द्रव दिलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांच्या शरीरात द्रवाचा अतिभार झाला, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्क्यांच्या, आणि सढळपणाचा लाभ मात्र दिसला नाही. आता द्रव मोजून देतात, उपास फार लांबवीत नाहीत. दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल तर रक्तातील साखर दिवसातून अनेकदा पाहावी लागते, कारण तीही दोन्ही बाजूंनी वाढत असते.