अजिंठ्याची जुनी छायाचित्रे

पनवेलहून सहलीला निघालेली मंडळी कार्ले, भाजे किंवा अजिंठा येथे पोहोचली की आधी मोबाईल बाहेर काढतात. परंतु दीडशे वर्षांपूर्वी लेण्यांचा एक फोटो काढणे केवढे दिव्य होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

युरोपात १८३९ साली छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही स्थापन झाली. त्या काळात रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती करीत होता. कंपनी सरकारने १८४४ साली त्याला नेमले होते. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला.

काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच अंधारात धुवायची. वाळली की काच फुकट! आमच्या मते यात कलेइतकीच हमाली होती. काचा, रसायने, पाणी सारे लेण्यांपर्यंत वाहून न्यायचे.

शिवाय ही काच निळा प्रकाश चटकन पकडी, तांबडा-पिवळा जवळजवळ पकडीतच नसे. त्यामुळे काळोख्या विहारांतील गेरूच्या रंगाची चित्रे तिला पेलत नसत. उन्हात उभी असलेली दगडी शिल्पे, चैत्यगृहाचा दर्शनी भाग मात्र लख्ख उमटे. म्हणून चित्रांना कुंचला आणि दगडाला कॅमेरा, अशी वाटणीच झाली.

ही वाटणी चित्रांना महाग पडली. गिलच्या बहुतेक प्रतिकृती डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत त्यांतल्याही अनेक गेल्या.

फोटोंचे तसे झाले नाही. एका काचेवरून अनेक कागदी प्रती निघत. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह गिलच्या फोटोंची पुस्तके लंडनमध्ये निघाली आणि निरनिराळ्या ग्रंथालयांत जाऊन पडली. असा जुना फोटो हाती घेऊन लेण्यासमोर उभे राहिले, तर कोणता खांब मूळचा आणि कोणता नंतर डागडुजी केलेला, हे आजही शोधता येते. भिंतीवरून तेव्हापासून गळून पडलेल्या रंगाच्या पोपड्यांसाठी मात्र ताडून पाहायला फारच थोडे उरले आहे.