मक्याचें कणीस रिकामें कां राहतें?

पावसाळ्यांत भाजलेलें कणीस हातीं घ्यावें, तों त्याचें टोंक दाण्यांवांचून बोडकें असावें, हा अनुभव पुष्कळांना आहे. त्यांत विकणाराचा दोष नसतो. तें कणीस फुलोऱ्यावर असतां शेतांत काय घडलें याची ती निशाणी असते; आणि शेतकऱ्याच्या हंगामाचा जमाखर्च बऱ्याच अंशीं त्याच दिवसांवर ठरतो.

मक्याच्या झाडाचा शेंड्यावरील तुरा हा नर, व पानाच्या बगलेंतून निघणारें कणीस ही मादी. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक केस आंतील एकेका भावी दाण्याशीं जोडलेला असतो. तुऱ्यांतील पराग त्यावर पडून त्याचा अंश साधारणतः २४ तासांत आंत पोहोंचला, म्हणजे दाणा धरतो. बुडाकडील केस आधीं बाहेर येतात, टोंकाचे सर्वांच्या मागून. ऐन फुलोऱ्यांत पाण्याचा ताण पडला तर केस उशिरां निघतात, तोंवर पराग संपत येतो, आणि टोंक रिकामें राहतें.

दाणा धरलाच नाहीं कीं धरून सुकला, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. परागाचे दिवस सरतांच कणसाचें आवरण हलक्या हातानें सोडवून तें झटकावें. ज्यांचें काम झालें ते केस गळतात. बाकीचे चिकटून राहतात. केस गळूनहि पुढें दाणे सुकले, तर झाडाला अन्न किंवा पाणी अपुरें पडलें असें समजावें.

कांहीं विकृति याहून निराळ्या असतात. औषध पानांवर पसरावें म्हणून त्यांत मिसळलेलें द्रव्य तुरा येण्यापूर्वीं फवारल्यास कणसाची वाढ मध्येंच खुंटूं शकते, असें अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसून आलें. २०१६ सालीं टेक्सास, कोलोरॅडो व नेब्रास्का या भागांत एकाच पेऱ्यावर अनेक कणसें, आंखूड आवरण, मध्यें बारीक व दोन्ही टोंकांस जाड अशीं कणसें आढळलीं. बियाण्याचा वाण, हवामान व लागवडीची पद्धति यांच्या संयोगाकडे अभ्यासकांचें लक्ष गेलें.

केस वाळला म्हणजे त्याच्या दाण्याची संधि परत येत नाहीं. म्हणून बियाण्यास दोष देण्यापूर्वीं, किंवा खताचें आणखी एक पोतें विकत घेण्यापूर्वीं, कणसें सोलून रिकामी जागा कोठें आहे तें पाहावें, आणि तें त्या दिवसांच्या पाऊसपाण्याशीं व फवारणीशीं ताडून घ्यावें. पुढील वर्षाचा उपाय त्यांतूनच सांपडतो.