रान कोणाचे, निर्णय कोणाचा?

चिपको आंदोलनाचे नाव आपण ऐकलेलेच आहे. २६ मार्च १९७४ रोजी हिमालयातील रेणी गावचे पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेले असता ठेकेदाराची माणसे रानात आली. तेव्हा गौरादेवी गावच्या बायका-मुलींना घेऊन झाडांच्या आड उभ्या राहिल्या, आणि रान वाचले.

परंतु आम्हांला आज सांगायची आहे ती दुसरी हकीकत. १९८० साली त्याच चमोली जिल्ह्यात, डुंगरी-पैंतोली येथे, बांजाचे म्हणजे ओकचे रान तोडून बटाट्याची शेती करावी अशी सरकारी योजना आली. बदल्यात गावाला रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार होता. गावच्या पुरुष पंचांनी होकार दिला. बायकांना कोणी विचारलेच नाही. आता ठेकेदाराशी लढणे निराळे आणि घरच्या माणसांशी लढणे निराळे! पण गवत, सरपण आणि पाणी आणायचे काम त्यांचेच होते; रान गेले तर रोज किती कोस चढायचे, हा हिशेब त्यांनाच ठाऊक होता. त्यांनी झाडे तोडू दिली नाहीत. त्यानंतर त्या विचारू लागल्या, की रानाविषयीच्या बैठकीत आम्हांला जागा का नाही? त्या मुलखात १९३१ पासून वनपंचायती आहेत, पण त्यांत बसत होते पुरुषच.

मॉरिशसमध्ये गॅस येण्यापूर्वी आपल्या घरांतही चूल पेटत होती. सरपण कोण आणीत असे, ते आपल्या आजीला विचारून पाहावे.

भारतात २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यानुसार रानातील जमिनीचा हक्क विवाहितांना पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतो. वनहक्क समितीत निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे नियमांत आहे; २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला हजर असलेल्यांतही तेवढ्या स्त्रिया लागतात. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात व नेपाळमधील वनसमित्यांचा अभ्यास केला. समितीत एखाददुसरी बाई असेल तर ती गप्प बसते. पाव ते तिसरा हिस्सा बायका असल्या म्हणजे त्या बोलू लागतात, आणि राखणही चांगली होते, असे त्यांना आढळले.

आम्हांला यात नवल वाटले नाही. आपल्याकडच्या सभांतून बायका मागच्या रांगेत बसतात, त्याही चहाची तयारी झाल्यावर.