जपानांतील बोलावणारें मांजर

हल्लीं मुंबई-पुण्याकडील दुकानांतूनही गल्ल्याशेजारीं एक पंजा वर करून बसलेलें पांढरें मांजर दृष्टीस पडतें. पुष्कळजण त्यास चिनी समजतात. वस्तुतः तें जपानी असून त्याचें नांव ‘मानेकी-नेको’, म्हणजे बोलावणारें मांजर. युरोपियनांस तो पंजा निरोप देत असल्यासारखा वाटतो; आपल्याकडे तळहात खालीं करून बोलावण्याची रीत असल्यामुळें वाचकांची तशी फसगत होणार नाहीं. मांजर आडवें गेलें म्हणजे माघारीं फिरणाऱ्या आपल्या लोकांनीं त्यालाच गल्ल्यापाशीं बसवावें, हें कौतुकच!

या मांजराच्या उत्पत्तीची अधिक प्रसिद्ध कथा टोकियोंतील गोतोकुजी या बौद्ध मठाची आहे. हिकोने संस्थानचा अधिपति इई नाओताका यास तेथील मांजरानें पंजानें खुणावून आंत बोलाविलें, त्यामुळें तो वादळांतून बचावला व पुढें त्यानें मठास आश्रय दिला, असें सांगतात. नाओताका इ. स. १६५९ त वारला व त्याच्या मरणोत्तर नांवावरूनच मठास हल्लींचें नांव मिळालें, हें खरें. परंतु आश्रयदाता खरा म्हणून मांजरही खरें, असें अनुमान काढतां येत नाहीं. आपल्या बखरींचा ज्यांस परिचय आहे त्यांस हें विशेष सांगणें नको.

समकालीन लेख सांपडतो तो सुमारें दोनशें वर्षांनंतरचा. सैतो गेश्शिन यानें रचलेल्या ‘बुको नेंप्यो’ या एदो शहराच्या शकावलींत इ. स. १८५२ खालीं पुढील हकीकत आहे. असाकुसा भागांतील एका म्हातारीस दारिद्र्यामुळें आपलें आवडतें मांजर सोडून परक्याच्या घरीं आश्रयास जाणें भाग पडलें. त्या रात्रीं मांजरानें स्वप्नांत येऊन ‘माझी मूर्ति करून पूज, म्हणजे भाग्य उघडेल’ असें सांगितलें. तिनें तसें केलें व तिला बरे दिवस आले. ही वार्ता पसरतांच इमादो येथील कुंभारकामाचीं मातीचीं मांजरें लोकांस उसनीं देण्यांत येऊं लागलीं. नेणारा त्यास गादी शिवी, नैवेद्य दाखवी आणि इच्छा सफल झाल्यावर द्रव्यादि अर्पण करून मूर्ति परत करी. त्याच वर्षींच्या हिरोशिगेच्या एका रंगीत ठशाच्या चित्रांत अशा मांजरांचें दुकानही दिसतें. चित्र व शकावली परस्परांस पुष्टि देत असल्यानें आमचे मतें या प्रघाताचा काल येथूनच धरावा.

संग्राहकांनीं पारख करितांना पंजापेक्षां पाठ आधीं पाहावी. एदोकालीन मांजरांस ‘मारुशिमे’ म्हणत. वर्तुळ व त्यांत गांठीसारखी खूण असें तें चिन्ह पाठीमागें असे, व त्याचा अर्थ सर्व धन एकत्र बांधून घेणें असा करीत. छातीशीं मोठें सोन्याचें नाणें धरलेलें गुबगुबीत मांजर हें टोकोनामे येथील कारखान्यांचें, विसाव्या शतकांत रूढ झालेलें रूप होय; तें जुनें म्हणून कोणी मोठी किंमत सांगितल्यास घेऊं नये.

गोतोकुजी येथील मांजरांच्या हातीं नाणें नसतें. भाविक तेथून लहान मूर्ति घरीं नेतात व मनोरथ पूर्ण झाला म्हणजे परत आणून ठेवितात. अशा शेंकडों मूर्तींच्या रांगा तेथें लागलेल्या आहेत. कथा नाओताकाची असली, तरी ही रीत असाकुसाच्या म्हातारीच्या मांजरासारखीच आहे.