डबीवर जाऊ नका
(खिशातली घड्याळं : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्याशी थांबलो होतो. आज तिथलं एक घड्याळ उघडून बघू.

पाठचं झाकण बऱ्याचदा आट्यांचं असतं. तळहाताने दाबून डावीकडे फिरवलं की बरणीच्या झाकणासारखं सुटतं. आतल्या बाजूला डबी बनवणाऱ्या कंपनीचा ठसा आणि एक लांबलचक आकडा दिसतो. नवखा संग्राहक इथेच फसतो. हा आकडा डबीचा, घड्याळाचा नव्हे. शेजारी ‘२० वर्षांची हमी’ असं छापलेलं असलं, तर तीही घड्याळ चालण्याची नाही. हलक्या धातूवर मढवलेला सोन्याचा पातळ पत्रा तितकी वर्षं झिजून जाणार नाही, एवढंच ते आश्वासन. सुईने ओरखडलेले बारीक आकडे मात्र मला जास्त आवडतात. ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचे; घड्याळ कितीदा कुणाच्या हाताखालून गेलं, याची ती नोंदवही.

हा घोळ होतो, कारण अमेरिकन कारखाने बहुतेक करून नुसतं यंत्रच विकत. यंत्राची मापं ठरलेली : १८ नंबर, १६ नंबर वगैरे. गिऱ्हाईक दुकानात आधी यंत्र निवडायचं, मग ऐपतीप्रमाणे डबी : सोन्याची, चांदीची, नाहीतर साधी निकेलची. दुकानदार एक-दोन स्क्रू आवळून दोघांची गाठ मारून द्यायचा. म्हणून सोन्याच्या डबीत ७ खड्यांचं (खडे म्हणजे झीज रोखायला यंत्रात बसवलेली रत्नं) मामुली यंत्र सापडतं आणि निकेलच्या कळकट डबीत २१ खड्यांचं उत्तम.

मुळात ठरल्या मापाची यंत्रं कारखान्यात बनवायची कल्पना वॉल्थम कंपनीचा संस्थापक ॲरन डेनिसन याच्या डोक्यात आली ती स्प्रिंगफील्डच्या बंदूक-कारखान्यावरून. बंदुकीचे सुटे भाग एकसारखे निघतात, तर घड्याळाचे का नाहीत? १८५० साली एडवर्ड हॉवर्ड वगैरे मंडळींना घेऊन त्याने सुरुवात केली. १८५७ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, पण कारखान्याची यंत्रसामग्री आणि कल्पना दोन्ही तगली. एक खरं सांगायला हवं : ‘कुठलाही भाग कुठेही बसतो’ ही सुरुवातीला जाहिरातच जास्त होती. शेवटचा हात माणसाचाच फिरायचा.

तेव्हा डबीवरचा सोडून खरा आकडा बघायचा तो यंत्राच्या पट्टीवर, कंपनीच्या नावाजवळ कोरलेला. इलिनॉयमधल्या एल्गिन कंपनीने १८६७ मध्ये पहिलं घड्याळ विकलं, त्याचा क्रमांक १०१. पुढे हे आकडे कोटींत गेले. त्यांच्या याद्या आजही मिळतात. क्रमांक ताडून पाहिला की साल आणि दर्जा दोन्ही कळतात.

घरात आजोबांचं असं घड्याळ असेल, तर झाकण चाकूने उचकटू नका आणि हौसेने चावीही देऊ नका. वाळलेल्या तेलावर चक्रं फिरली तर धुरे झिजतात. आधी जाणत्या घड्याळजीकडून साफ करून घ्या, आणि त्याने उघडलंच आहे तर यंत्रावरचा आकडा तेवढा टिपून ठेवा.

(पुढील लेखांक : रेल्वेची घड्याळं)