चल : नाव तेच, किंमत नवी

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील पाटण येथील शिलालेखात आहे. त्यांनी बीजगणितात अज्ञात राशींस यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे योजिली. अशी राशी अज्ञात असली, तरी एका उदाहरणात ती बदलत नाही. संगणकाच्या आज्ञावलीतील ‘चल’ मात्र बदलू शकते.

जामनेर तालुक्यातील शाळेच्या फळ्यावर ‘हजर’ या शब्दापुढे आकडा लिहिला, तर शब्द तोच राहतो. आकडा रोज पुसून नवा लिहावा लागतो. चलाचे स्वरूप असेच आहे. वेबपृष्ठांसाठी १९९५ साली निघालेल्या जावास्क्रिप्ट भाषेत ‘हजर = ३२’ याचा अर्थ ‘हजर या नावाच्या जागी ३२ ठेव’ असा होतो.

पुढे ‘हजर = हजर + १’ असे दिसताच विद्यार्थी अडखळतो; कारण ३२ आणि ३३ समान नसतात, हे तो गणितातच शिकलेला असतो. त्याची शंका रास्त आहे. तीस चूक म्हणू नये. येथे ते चिन्ह समानता दाखवीत नाही, आज्ञा देते. उजवीकडील बेरीज आधी होते, मग उत्तर डावीकडील जागी ठेवले जाते आणि जुना आकडा नाहीसा होतो. शिक्षकांनी ही क्रिया खडू व डस्टर घेऊन करून दाखवावी. शाळेत संगणक नसला, तरी हा पाठ अडत नाही.