ओटाची वडी : विलायती फ्लॅपजॅक नागपुरी स्वयंपाकघरांत

विलायतेंत 'फ्लॅपजॅक' या नांवानें ओळखली जाणारी वडी म्हणजे ओट, लोणी, साखर आणि सोनेरी पाक या चार जिनसांचा भट्टींत भाजलेला पदार्थ. नांव जुनें, पदार्थ मात्र तितका जुना नाहीं. १६०९ सालीं छापलेल्या 'पेरिक्लीझ' या शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द येतो, पण तेथें त्याचा अर्थ तव्यावरचें धिरडें असा आहे. अमेरिकेंत आजही तोच अर्थ रूढ आहे. ओटाच्या वडीस तें नांव इंग्लंडांत विसाव्या शतकांत चिकटलें.

ओट हें थंड व ओलसर हवेचें धान्य. स्कॉटलंडांत तें माणसांचें अन्न झालें आणि इंग्लंडांत बहुतांशीं घोड्यांचें. सॅम्युअल जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत यावरून स्कॉट लोकांना चिमटाही काढला आहे. बाजारांत मिळतो तो सोललेला दाणा वाफवून रुळांखालीं चपटा केलेला असतो. मराठी घरांतील पोह्यांचा तो भाऊबंदच म्हणावा. वाफ देण्यास कारण आहे. ओटांत गहूं-तांदुळापेक्षां स्निग्धांश अधिक असतो, आणि वाफ न दिल्यास दाण्यांतीलच एक पाचक द्रव्य तो फोडून धान्यास कडवटपणा आणतें. तरीही नागपूरच्या वैशाखांत उघडा राहिलेला डबा खवट होण्यास वेळ लागत नाहीं. ओट थोडे आणावे व लवकर संपवावे.

परंतु या वडीचा प्राण ओट नव्हे, पाक होय. लंडनमध्यें टेम्स नदीच्या कांठीं एब्रम लाइल याच्या कारखान्यांत साखर शुद्ध करतांना उरणाऱ्या रसापासून १८८३ सालीं 'गोल्डन सिरप' तयार झाला. त्यांत साखरेचा बराच अंश फुटून द्राक्षशर्करा व फलशर्करा झालेला असतो, आणि अशा मिश्रणाचे सहसा खडे बनत नाहींत. म्हणूनच वडी थंड झाली तरी मऊ व किंचित् चिवट राहते. नुसत्या साखरेवर भिस्त ठेवली तर ती रवाळ होऊन तिचा भुगा होतो. नागपुरांत या डब्यासाठीं दुकानें धुंडाळण्याचें प्रयोजन नाहीं. उसाच्या काकवींतही अशा फुटलेल्या शर्करा असतात व ती हें काम चोख करते. चव थोडी उग्र येते, इतकेंच.

प्रमाण असें : ओट २५० ग्रॅम, लोणी १२५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, काकवी ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ. लोण्याऐवजीं तूप घेण्याचा मोह पुष्कळ गृहिणींना होतो. लोण्यांत पाण्याचा अंश असतो, तुपांत तो नसतो. म्हणून तूप १०० ग्रॅमच घेऊन दोन चमचे दूध घालावें, नाहींतर वडी तुपकट व ठिसूळ होते. लोणी, साखर व काकवी मंद आंचेवर केवळ वितळूं द्यावीं. येथें चिक्कीची संवय घात करते. चिक्कीचा पाक पाण्यांत टाकलेला थेंब कडकन् मोडेपर्यंत आटवावा लागतो. या वडीचा पाक तसा आटवला तर दांतांची परीक्षाच होईल. नंतर ओट मिसळून, दोन चमचे भाजून भरड कुटलेलें जवस घालावें. विदर्भाच्या या धान्यानें विलायती पदार्थास चांगली खमंग चव येते. संत्र्याची सालही किसून घालावी, पण केवळ वरचा नारिंगी थर. आंतील पांढरा भाग कडू असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळें फळ सोलण्यापूर्वींच ती किसणें सोयीचें.

मिश्रण तूप लावलेल्या थाळींत घट्ट दाबून १६० अंश सेल्सिअसवर सुमारें २५ मिनिटें भाजावें. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी, तिच्यावर थाळी, आणि घट्ट झांकण. मंद आंचेवर ४० मिनिटें पुरतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पानगे व रोडगे भाजणाऱ्या प्रांतास ही युक्ति नवलाची वाटूं नये. कडा तांबूस झाल्या कीं मध्य अद्याप लिबलिबीत दिसत असतांही थाळी बाहेर काढावी. येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो आणि वडी करपते. ती निवतांनाच घट्ट होते. गरम असतांना सुरीनें १६ वड्यांच्या रेघा पाडाव्या व पूर्ण थंड झाल्यावर त्या सोडवाव्या.

ओटांतील विद्राव्य तंतु रक्तांतील कोलेस्टेरॉल कांहींसें कमी करतात हें खरें. त्या आधारावर ही वडी पौष्टिक न्याहारी म्हणून मुलांच्या डब्यांत रोज पाठवणें मात्र स्वतःची फसवणूक आहे. वरील हिशेबानें एका वडींत सुमारें ९ ग्रॅम साखर व जवळजवळ ८ ग्रॅम लोणी जातें. ती मिठाई आहे. बर्फीच्या पंक्तीस तिला बसवावें, आणि घरांत मधुमेही असल्यास तिच्या आरोग्याच्या कीर्तीवर विसंबूं नये.

या खटाटोपास मार्गशीर्ष-पौष हे महिने उत्तम. त्या वेळीं संत्रीही बाजारांत असतात. उन्हाळ्यांत लोणी आळत नाहीं, तेव्हां वड्या शीतकपाटांत ठेवाव्या लागतात. पावसाळ्यांत काकवी हवेंतील ओल ओढून घेते. त्या दिवसांत घट्ट झांकणाच्या डब्यांत, दोन थरांमध्यें कागद घालून, आठवडाभर पुरतील एवढ्याच वड्या कराव्या.